थारच्या मागच्या चाकांना डिस्क ब्रेक: कामाच्या नोंदी

गाडी: महिंद्रा थार सीआरडीई, २०१६ चं मॉडेल, एबीएस नाही, मागे मेकॅनिकल लॉकिंग डिफरन्शियल (एक चाक घसरून फिरायला लागलं की दोन्ही मागची चाकं एकत्र जखडणारं). मागचे पाटे थोडे उंच केलेले. टायर कंपनीच्याच मापाचे, २३५/७० आर १६. गाव कोल्हापूर. हेच काम करायचं कुणाच्या मनात असेल तर आधी शेवटच्या दोन-तीन नोंदी वाचा आणि मगच पाने हातात घ्या.

५ ऑक्टोबर २०२४

पावसाळ्यानंतरची साफसफाई म्हणून मागचे ड्रम काढले. उजवा सहज आला. डावा हातोड्याला दाद देईना. ड्रमवरच्या भोकांत बोल्ट घालून ढकलून काढला, तर आतून दाजीपूरकडची तांबडी माती पिठल्यासारखी बाहेर आली. शूवरचे लायनर (ड्रमला आतून घासून चाक थांबवणारं अस्तर) एका कडेला रिव्हेटपर्यंत झिजलेले, शू बाहेर ढकलणाऱ्या व्हील सिलिंडरची बकेट (रबरी सील) गळकी, अॅडजस्टर गंजून एकजीव झालेला. ड्रमच्या आत बोट फिरवलं की ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या चरा लागतात.

हे दर वर्षीचं आहे. ओढा ओलांडला की मागचे ब्रेक काही वेळ नुसते नावाला असतात. पाणी निथळून जातं, पण जांभ्याची बारीक माती आतच राहते आणि पुढचे कित्येक दिवस लायनर घासत बसते. ड्रम बंद डबा असल्यामुळे आत गेलेलं बाहेर यायला वाट नाही.

नवे ड्रम, शू, सिलिंडर, बकेट आणि मजुरी मिळून अंदाजे नऊ हजार होतात. पुढच्या दसऱ्याला पुन्हा तेच.

८ ऑक्टोबर

डिस्क करायचं ठरवलं. ठरवताना डोक्यात काय होतं ते लिहून ठेवतो, कारण अर्धे लोक हे काम चुकीच्या अपेक्षेने करतात.

मागे डिस्क लावली म्हणून गाडी लवकर थांबत नाही. जोरात ब्रेक मारला की वजन पुढे जातं आणि खरं काम पुढची चाकं करतात. शिवाय ड्रममधला पुढचा शू फिरत्या ड्रममुळे आपोआप आणखी आवळला जातो. डिस्कला ती फुकटची मदत नसते, त्यामुळे तेवढ्याच दाबाला डिस्कचा जोर कमीही पडू शकतो. २०२० ची थार आणि मारुतीची जिमनी, दोन्ही मागे ड्रम घेऊनच बाजारात आल्या. कंपनीचे इंजिनिअर वेडे नाहीत. मला हवंय ते वेगळं: पाण्याचिखलातून बाहेर पडल्यावर पहिल्याच पावलाला ब्रेक लागावा आणि माती स्वतःहून झडून जावी.

खरी अडचण हँडब्रेकची. या गाडीचा हँडब्रेक मागच्या ड्रममध्येच काम करतो. ड्रम काढला की तो गेला. पाइपात दाब अडवून ठेवणारा 'लाइन लॉक' लावा असा सल्ला बरेच जण देतात. तो पार्किंग ब्रेक नव्हे. रात्रभरात दाब उतरला की गाडी उतारावरून निघाली. हँडब्रेक केबलने ओढला जाणारा, यांत्रिकच पाहिजे.

म्हणून हँडब्रेकचा लिव्हर अंगातच असलेला कॅलिपर (डिस्कला दोन्हीकडून पॅडने चिमटणारा भाग) हवा. पहिल्या पिढीच्या ऑक्टाव्हियाचा मागचा कॅलिपर तसा आहे, पिस्टन ३८ मिमीचा, आणि जुन्या स्पेअरच्या बाजारात मिळतो. डिस्क जिमनीची पुढची, कारण तिचा पीसीडी (चाकाच्या स्टडच्या वर्तुळाचा व्यास) थारसारखाच, पाच स्टड आणि १३९.७ मिमी. भोकं नव्याने पाडायची गरज नाही.

कायद्याचंही नोंदवतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार चालत नाहीत आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते पक्कं केलंय. आरसीवर ब्रेकचा उल्लेखच नसतो म्हणून काही होत नाही, असं छातीठोकपणे सांगणारे भेटतात. विम्याच्या दाव्यात तो युक्तिवाद टिकेल यावर मी पैज लावणार नाही. मूळ ड्रम, बॅकिंग प्लेट, केबल सगळं तेल लावून पोत्यात ठेवतोय. गाडी परत होती तशी करता आली पाहिजे, ही पहिली अट.

१३ ऑक्टोबर

दसरा झाला. खंडेनवमीला पान्यांच्या पेटीला हार घातला होता, तो अजून तसाच आहे.

डिस्कची जोडी नवी आणली, ५,२०० रुपये. कॅलिपरची जोडी पुण्याच्या जुन्या बाजारातून, ३,०००. घेताना बघायचं ते इतकंच: हँडब्रेकचा लिव्हर हाताने दाबून सोडला की स्प्रिंगने खटकन परत आला पाहिजे. आळसटून येणारा घेऊ नका. आतलं शाफ्टचं सील गेलेलं असतं आणि गंज आत शिरलेला असतो.

डिस्क अॅक्सलच्या फ्लँजवर (चाक बसतं त्या चकतीवर) लावून बघितली. बसेना. डिस्कच्या मधल्या टोपीचा आतला व्यास अॅक्सलच्या फ्लँजला अगदी थोडक्यासाठी अपुरा. दुसरीकडे मधलं भोक मात्र फ्लँजच्या खांद्यापेक्षा मोठं, म्हणजे डिस्क मधोमध धरून ठेवायला काही नाही. नुसत्या स्टडच्या भरवशावर डिस्क सोडायची नाही. दोन कामं वाढली: फ्लँजची कड लेथवर उतरवायची आणि मधे बसणारी रिंग टर्न करायची.

१९ ऑक्टोबर

उद्यमनगर, कोल्हापुरातली कारखान्यांची वस्ती. पुठ्ठ्याचा साचा कापून नेला होता. माझा बेत सरळ होता: बॅकिंग प्लेट काढायची, तिच्या जागी १२ मिमीच्या प्लेटचं ब्रॅकेट, त्यावर कॅलिपर.

टर्नर मामांनी साचा उलटसुलट करून पाहिला. म्हणाले, "ह्ये बसंल, भावा. पर जुनी प्लेट किती जाडीची हाय?"

"तीनेक मिमी."

"आन तू बारा घालणार. मग बेअरिंग कुठं जाईल?"

इथे थांबून सांगतो, कारण या एका प्रश्नाने माझा अॅक्सल वाचला. या अॅक्सलमध्ये हाफ शाफ्टचं (चाक फिरवणाऱ्या दांड्याचं) बेअरिंग नळीच्या तोंडात बसतं आणि बाहेरून रिटेनर प्लेट त्याला दाबून धरते. बॅकिंग प्लेट या दोघांच्या मधे सँडविच झालेली असते. म्हणजे ती नुसती शू धरणारी पत्र्याची ताटली नव्हे, बेअरिंग किती आवळलं जाणार याचं ते माप आहे. तिथे ३ मिमीऐवजी १२ मिमी घातलं की रिटेनर बेअरिंगपर्यंत पोचतच नाही. शाफ्ट आतबाहेर हलायला लागतो, तेलाचं सील जातं आणि नव्या कोऱ्या डिस्कवर गिअर ऑइल येतं. जी गोष्ट टाळायला निघालो तीच पैसे देऊन ओढवून घ्यायची.

तोडगा मामांचाच. भंगारातून दोन जुन्या बॅकिंग प्लेट आणायच्या, त्यांचा मधला भाग तेवढा रिंगसारखा कापून घ्यायचा आणि मूळ जागी लावायचा. जाडी कंपनीचीच राहिली. नवं ब्रॅकेट नळीच्या फ्लँजच्या आतल्या बाजूने, लांब बोल्टवर. बोल्ट १०.९ ग्रेडचे, नव्या नायलॉक नटांसह. जुन्या प्लेटचे ६०० रुपये पडले.

२६ ऑक्टोबर

दोन्ही हाफ शाफ्ट बाहेर. डावा घसरत्या वजनाच्या पुलरने दोन ठोक्यांत आला. उजवा बेअरिंगसकट गंजून बसला होता. डिझेल आणि गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवला, सकाळी आला.

शाफ्ट निघालेच आहेत तर बेअरिंग आणि सील नवी टाकली. ३,४०० रुपये, शिवाय प्रेसचे ८००. जुनी बेअरिंग चालली असती, असं गॅरेजवाला म्हणाला. चालली असती कदाचित. पण हे काम परत उघडायचं म्हणजे ब्रेकचं तेल, पाइप, केबल सगळं सोडायचं. तेवढ्यासाठी तीन हजार वाचवायचे नव्हते.

फ्लँजची कड उतरवून झाली. रिंग टर्न झाली. ब्रॅकेट लेसरवर कापून आलं, भोकं मिलिंगवर. ड्रिलने भोकं पाडू नका. कॅलिपर तिरका बसला की पॅड पाचरीसारखे झिजतात.

ब्रॅकेटची एक बाजू पुन्हा करावी लागतेय. कॅलिपर अॅक्सलच्या बरोबर मागे, घड्याळातल्या नऊच्या जागी ठेवला होता. कागदावर छान दिसत होतं. गाडीखाली झोपून बघितलं तर ब्रेकच्या तेलातली हवा काढायची निपल खाली तोंड करून बसलेली. हवा नेहमी वर चढते, त्यामुळे निपल कॅलिपरच्या सगळ्यात उंच टोकाला नसेल तर कितीही पंप करा, थोडी हवा आत राहणारच. डाव्याचा कॅलिपर उजवीकडे घातला तर निपल वर येते, पण मग हँडब्रेकचा लिव्हर केबलच्या उलट दिशेला तोंड करतो. दोन्ही साधणारी जागा निघाली ती जरा वर, दहा ते साडेदहाच्या मधे. नवीन साचा दिला. दुसऱ्या कटिंगसह ब्रॅकेटचा सगळा खर्च ४,८००.

आता दिवाळी. उद्यमनगर बंद. गाडी घोड्यांवर (स्टँडवर), चाकं पोर्चमध्ये, आणि घरात रोज विचारणा.

९ नोव्हेंबर

ब्रॅकेट बसलं. डिस्क बसली. डायल लावून डिस्क फिरवली तर ०.१५ मिमी डुलत होती. फ्लँजच्या तोंडावर स्टडच्या बुडाशी गंजाचा पातळ थर राहिला होता. तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने साफ करून पुन्हा बसवली, ०.०६ वर आली. एवढं चालतं. डिस्क वाकडी आहे म्हणून परत करायला जाण्याआधी मागची बाजू पुसा.

आज एक कॅलिपर गेला. या कॅलिपरचा पिस्टन साध्या पुढच्या कॅलिपरसारखा सरळ दाबायचा नसतो. आत हँडब्रेकचा स्क्रू आहे. पिस्टन फिरवत फिरवत आत न्यायचा. मी चहा आणायला गेलो तेवढ्यात मदतीला आलेल्या पोराने सी क्लॅम्प लावून तो सरळ दाबला. कट्ट असा आवाज झाला म्हणे. आता लिव्हर ओढला तरी पिस्टन जागचा हलत नाही. पोराचा दोष नाही, त्याने आयुष्यभर तसेच दाबलेत. फिरवायचं हत्यार साधं आहे, चौकोनी डोक्याला दोन खुंट्या. ते आधी आणून ठेवा, कॅलिपर नंतर उघडा.

एकटा कॅलिपर मागवला, १,५००. सगळ्यांना नवे सील आणि स्लायडर पिनांचे रबरी बूट, १,१००. पॅड नवे, १,६००. डिस्क ऑक्टाव्हियाच्या डिस्कपेक्षा जरा जाड आणि बरीच मोठी, त्यामुळे पॅडची कमान डिस्कच्या गोलाईशी तंतोतंत जुळत नाही. खालच्या कोपऱ्यात नखाएवढा भाग डिस्कच्या आतल्या कडेबाहेर राहतो. त्यावर पुढे कंगोरा धरेल. तेवढा कोपरा कानशीने उतरवला.

१६ नोव्हेंबर

पाइप. मूळ रचनेत अॅक्सलवर एक रबरी होज येतो, तिथून दोन्हीकडे लोखंडी नळ्या थेट व्हील सिलिंडरला. व्हील सिलिंडर हलत नाही, म्हणून ते ठीक. हा कॅलिपर मात्र पिनांवर सरकतो. ब्रेक मारला की जरासा सरकणार, पॅड झिजत गेले की आणखी. लोखंडी नळी सरळ त्याला जोडली तर ती रोज थोडी थोडी वाकून एक दिवस तुटणार. "आम्ही तशाच जोडतो, काही होत नाही," हे वाक्य ऐकलं. नको म्हटलं. नळी ब्रॅकेटवरच्या कानापर्यंत, पुढे छोटा होज, मग बंजो बोल्ट (आतून तेल जाऊ देणारा पोकळ बोल्ट). कॉपर वॉशर नवे, प्रत्येक बंजोला दोन.

होज १,३००, नळी, बोल्ट, वॉशर आणि फ्लेअरिंग मिळून ९००. थ्रेड जुळतात की नाही ते बोटांनी फिरवून बघा. दोन आटे बोटांनी गेले नाहीत तर पाना लावू नका.

१७ नोव्हेंबर

हवा काढली. डॉट ४ तेल, ७०० रुपयांचं. पेडल खालपर्यंत जातंय. पुन्हा हवा काढली. तेल स्वच्छ, एक बुडबुडा नाही, पेडल तरीही खाली. मास्टर सिलिंडरवर (पेडल दाबलं की तेल ढकलतो तो) संशय घेऊन झाला. अख्खा रविवार यात गेला.

कारण संध्याकाळी सापडलं. हँडब्रेकची केबल आधी जोडून ताणलेली होती. त्यामुळे कॅलिपरचा लिव्हर त्याच्या स्टॉपवर टेकत नव्हता, आणि लिव्हर टेकल्याशिवाय आतला आपोआप जुळवून घेणारा स्क्रू पुढे सरकत नाही. पिस्टन दर वेळी मागे जातो, पेडलला ते अंतर दर वेळी नव्याने भरावं लागतं.

म्हणून क्रम असा: केबल सोडा. हवा काढा. पेडल सावकाश, पूर्ण सोडत, तीस-चाळीस वेळा दाबा. पेडल वर येताना पायाला कळतं. मग केबल जोडा, आणि ती एवढीच ताणा की दोन्ही लिव्हर स्टॉपवर टेकलेले राहतील.

हे केल्यावर पेडल आलं. आधीपेक्षा अंगठाभर खाली लागतं. ३८ मिमीच्या पिस्टनला व्हील सिलिंडरपेक्षा तेल जास्त लागतं, तेवढा फरक राहणारच. टणक आहे, दाबून धरलं तर खचत नाही. मास्टर सिलिंडर बदललेला नाही.

२० नोव्हेंबर

मतदानाची सुट्टी. सकाळीच मत देऊन गाडीखाली.

केबल बनवून घेतल्या होत्या, ट्रॅक्टरच्या क्लच केबल करून देणाऱ्याकडून, जोडी २,२००. एक टोक थारच्या हँडब्रेकला बसणारं, दुसऱ्या टोकाला ऑक्टाव्हियाच्या लिव्हरची गोळी. जमिनीवर सगळं झकास. हँडब्रेक चार घरं ओढला की चाकं घट्ट.

मग चेसिसला जॅक लावून मागचा भाग उचलला, अॅक्सल लोंबू दिला आणि चाक हाताने फिरवलं. फिरेना. अॅक्सल खाली गेला की केबलचा मार्ग लांबतो, केबल ताणली जाते आणि हँडब्रेक आपसूक लागतो. सपाट रस्त्यावर हे जन्मात कळलं नसतं. खडकावर एक चाक लोंबत असताना नेमकं तेच चाक जाम झालं असतं.

केबल लांब करून भागत नाही, लांब केबल कुठेतरी झोल घेऊन चिखलात लोंबते. उपाय मार्ग बदलण्याचा. केबल पाट्याच्या पुढच्या डोळ्याजवळून नेली, म्हणजे अॅक्सल ज्या बिंदूभोवती वरखाली होतो त्याच्या जवळून, आणि पुढे पाट्याच्या कडेने. तिथे अंतर फारसं बदलत नाही. क्लिपा मी पत्र्याच्या केल्या, आत रबर. अॅक्सल पूर्ण लोंबवून, मग एका बाजूला जॅक देऊन पूर्ण वर दाबून, दोन्ही टोकांना चाक मोकळं फिरतंय हे बघितलं. होजही दोन्ही टोकांना मोकळे.

एक सूचना. एकच चाक उचलून इंजिनने फिरवून बघायचा मोह होईल. मागे मेकॅनिकल लॉकिंग डिफरन्शियल असेल तर करू नका. एक चाक जोरात फिरलं की ते लॉक होतं आणि जमिनीवरचं चाक गाडी जॅकवरून ढकलून देतं.

२४ नोव्हेंबर

रविवार. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत रस्ते रुंद आणि रिकामे. आधी पॅड बसवून घेतले: साठवरून वीसपर्यंत मध्यम ब्रेक, थोडी धाव, पुन्हा ब्रेक. थांबून ब्रेक दाबून धरायचा नाही.

मग खरी चाचणी. चाळिसावरून जोरात ब्रेक, एक जण बाहेर उभा राहून कुठली चाकं आधी लॉक होतात ते बघतोय. पुढची आधी लॉक झाली पाहिजेत. मागची आधी झाली तर गाडी शेपूट फिरवते, आणि एबीएस नसलेल्या आखूड गाडीत ते आवरता येत नाही.

आमच्याकडे उलटं टोक निघालं: मागची चाकं जवळपास काहीच करत नव्हती. मागच्या दाबावर एलएसपीव्ही, म्हणजे वजनानुसार दाब ठरवणारा व्हॉल्व्ह, असतो. गाडीचं मागचं बूड किती खाली बसलंय त्यावरून तो वजन ओळखतो आणि त्या प्रमाणात मागे दाब जाऊ देतो. पाटे उंच केल्यापासून त्याला गाडी कायम रिकामीच वाटतेय. ड्रमच्या काळात शूच्या आपोआप आवळण्याने ते झाकून गेलं होतं. त्याच्या दांडीचं ब्रॅकेट पाटे जेवढे उंच केले तेवढंच सरकवलं. दांडी वाकवून काम भागवू नका, आणि व्हॉल्व्ह काढून टाकून सरळ नळी जोडण्याच्या भानगडीत तर अजिबात पडू नका. रिकाम्या गाडीत मागचा पूर्ण दाब म्हणजे पावसात गाडी आडवी.

आता पुढची आधी, मागची जवळजवळ लगेच. थांबायचं अंतर आधीएवढंच. कुणी विचारलं तर हेच सांगणार.

१ डिसेंबर

करूळ घाट कामासाठी बंद, म्हणून राधानगरीवरून फोंडा घाट. गळीत हंगाम सुरू, राधानगरीपर्यंत उसाच्या ट्रॉल्यांमागे सरपटत. घाट दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्येच उतरलो, ब्रेक मुद्दाम जरा जास्त वापरला. खाली थांबून तापमान मोजायच्या बंदुकीने डिस्क बघितल्या: पुढच्या दोन्ही १७० अंशांच्या आसपास. मागची डावी ९५, उजवी १४०.

पंचेचाळीस अंशांचा फरक म्हणजे उजवीकडे काहीतरी धरून बसलंय. चाक काढलं. स्लायडर पिना मोकळ्या. लिव्हर मात्र स्टॉपपासून दोन मिमी अलीकडेच थांबलेला. उजवी केबल वळणावर एका क्लिपमध्ये चिमटली होती. क्लिप उघडून सैल केली, रस्त्याकडेलाच. परत चढून पुन्हा उतरलो, फरक दहा अंशांवर आला.

८ डिसेंबर

हँडब्रेकची परीक्षा ज्योतिबाच्या रस्त्यावर. रिकामी गाडी चढाला आणि उताराला, दोन्हीकडे धरते. सहा माणसं बसवून चढाला तोंड करून धरते, पण लिव्हर पूर्ण ताकदीने ओढावा लागतो. ड्रमचा हँडब्रेक याहून निःसंशय चांगला होता. डिस्क गरम असताना गाडी लावली की थंड झाल्यावर पकड ढिली होते, कारण धातू आकसतो. दहा मिनिटांनी एकदा पुन्हा ओढायचा. कच्च्या चढावर गिअरमध्ये ठेवून चाकामागे दगड, ही सवय आता सक्तीची.

एकूण खर्च २७,१०० रुपये. यात माझी मजुरी धरलेली नाही आणि दिवाळीभर गाडी उभी राहिली त्याचीही किंमत नाही. ड्रमच्या तीन दुरुस्त्यांएवढे पैसे झाले. वर्षातून दोनदाच चिखलात जाणाऱ्याने हे काम करू नये. चांगले शू टाकावेत आणि प्रत्येक पावसाळ्यानंतर ड्रम उघडून धुवावेत.

१४ जून २०२५

यंदा पाऊस मेमध्येच आला, त्यामुळे परीक्षा लवकर झाली. दाजीपूरच्या बाजूला हबच्या वर पाणी असलेला ओढा ओलांडला. पलीकडच्या काठावर पहिल्या पावलाला किंचित उशीर, दुसऱ्याला पूर्ण ब्रेक. ज्यासाठी केलं ते मिळालं.

आता न मिळालेलं. धुळीचा पत्रा मी लावला नव्हता, माती झडून जावी म्हणून. माती झडते, पण खडेही शिरतात. वाटाण्याएवढा एक खडा कॅलिपर आणि डिस्कच्या मधे अडकला आणि घरी येईपर्यंत डाव्या डिस्कवर गोल ओरखडा काढून बसला. खोली नखाला लागण्याइतकी, डिस्क अजून चालेल. आवाज आला की लगेच थांबून मागे-पुढे करायचं, बहुतेक खडे उलट फिरवल्यावर पडतात. अर्धा पत्रा करून बघणार आहे, वरून झाकलेला, खालून उघडा.

पॅड काढून मोजले. बाहेरचे आणि आतले जवळजवळ सारखे झिजलेत, म्हणजे पिना सरकतायत. उजव्या आतल्या पॅडची एक कड अर्ध्या मिमीने जास्त गेलीय. गिअर ऑइलचा थेंब कुठेही नाही, मामांच्या रिंगा जागेवर आहेत. डाव्या केबलच्या टोकाचा रबरी बूट फाटलाय आणि लिव्हर परत यायला आळस करतोय. केबल काढून धुऊन तेल सोडलंय, बूट उद्या उद्यमनगरातून आणतो.